गढूळ

दुपारी तीनला आमचा बार म्हणजे ओली फरशी
आणि टेबलांवर पाय वर करून पडलेल्या खुर्च्या.
त्यांच्यातून वाट काढत आली जयवंती आत्या.
खांद्याला कापडी पिशवी,
पिशवीत पाण्याच्या पाच बाटल्या.

एकतीस वर्षं महापालिकेच्या प्रयोगशाळेत होती ती.
दारूच्या दुकानावरून जाताना अजून पदर नाकाला लावते.
पण मी फोनवर म्हटलं, "आत्या, पाण्यानं चव बिघडतेय,"
तेव्हा बाकीचं तिनं ऐकलंच नाही,
पाणी तेवढं ऐकलं.

मी अ‍ॅबसिंथचं बूच काढलं.
"बडीशेप," ती म्हणाली. मग थांबून,
"आणि दवणा. वेणीतला. दुसऱ्या दिवशीचा."
लेबलवर फ्रेंचमध्ये तेच लिहिलं असावं.

पाच पेले, प्रत्येकात बोटभर हिरवं.
मी जाळीचा चमचा काढला, साखरेचा खडा काढला.
"साखर नको," ती म्हणाली, "साखर साक्षीदार फोडते."

चाखायचं मी, बघायचं तिनं.
पहिलं आमच्या मशीनचं, सगळं काढून घेतलेलं पाणी.
पांढरं झालं, पण आत कुणी राहत नव्हतं,
भाड्याने देणे आहे, अशी चव.
दुसरं टँकरचं.
कडूपणा खडूसारखा टाळूला चिकटला
आणि पाणी प्यायलो तरी जाईना. कुठलं पाणी प्यायचं, हाही प्रश्नच.
तिसरं नळाचं, सकाळचं.
क्लोरीन पुढे, बडीशेप मागे, तीही खोकत.
चौथी बाटली मुगभाटातल्या एका विहिरीची.
"हे नुसतं बघायचं," आत्यानं माझा हात धरला,
"प्यायचं नाही."

पाचवं? "नळाचंच," ती म्हणाली.
"रात्रभर मडक्यात उघडं ठेवलं. जायचं ते जाऊ दिलं."

मी थेंब थेंब सोडलं.
तळाशी धुराचे दोरे सुटले, एकमेकांत गुंतले,
वर हिरव्याची एक रेघ तग धरून राहिली,
मग तीही विरली.
पेल्यात तांदळाचं धुवण.

"गढूळ झालं की रे!"
"व्हायलाच हवं, आत्या. नाही झालं तर गिऱ्हाईक परत पाठवतं."

ती पेल्याकडे बघत राहिली.
या शब्दाखाली तिनं जन्मभर लाल रेघ मारली होती.

मग मी काही विचारलं नसताना
तिनं घोडपदेवच्या एका चाळीचं सांगितलं.
नमुना आला होता काचेसारखा.
डोळ्याला काही नाही, नाकाला काही नाही, नळीत काही नाही.
तिनं लिहिलं, पिण्यास योग्य. खाली सही.
पंधरवड्यात सात जणांना कावीळ.
सातांत एक नऊ वर्षांची मुलगी होती,
तिचं नाव आत्याला पाठ आहे, मला सांगितलं नाही.
पुढे कळलं, चाळीला चार जिने होते, ऊन होतं,
नमुना आणणाऱ्यानं बाटली
चौकीतल्याच नळाखाली भरली होती.

"माझा रिपोर्ट बरोबर होता," आत्या म्हणाली.
"त्या नळाचा."

बर्फाचं मशीन मागे खडखडलं, थांबलं.
तिनं करंगळी पाचव्या पेल्यात बुडवली,
जिभेला लावली, तोंड केलं कारल्यासारखं.
"लोक पैसे देऊन पितात हे?"
"साडेआठशे."
"अरे देवा," म्हणाली, आणि पुन्हा करंगळी बुडवली.

निघताना बाटल्या रिकाम्या करून घेतल्या, चारच.
पाचवी ठेवली काउंटरवर, माझ्यासाठी, उरलेलं पाणी होतं तीत.
पिशवीतून पेन्सिल काढली, चिकटपट्टी काढली,
तारीख घातली, वेळ घातली,
ठिकाण: घर, स्वयंपाकघर, डावीकडचं मडकं.
आणि शेवटच्या ओळीत, अजून तसंच गोल, सरकारी अक्षर,
नमुना भरणार: स्वतः.